मडगार्डवरची धूळ

चंडीगड, सेक्टर २१
४ सप्टेंबर १९८८

प्रिय जयंतभाऊजी,

नमस्कार. तुम्ही पुण्याहून पाठवलेलं खोकं पोचलं, पण घरी येण्याआधी तुमच्या दोन्ही रणगाड्यांना अटक झाली. चंडीमंदिर छावणीच्या मेसमधून खोकं घेऊन मी बसने येत होते. नाक्यावर सीआरपीच्या जवानांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि माझं खोकं उघडायला लावलं. आत प्लास्टिकचे सुटे भाग, दोऱ्याचं भेंडोळं, गोंदाच्या ट्यूबा. जवानाचा चेहरा बदलला. त्याने मला बाजूला उभं केलं आणि हवालदाराला हाक मारली. हवालदाराने आधी झाकणावरचं चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. "मॅडम, इस उमर में टैंक से खेलोगे?" मी म्हटलं, चित्रकलेची मास्तरीण आहे, खेळण्याचाच पगार घेते. हसला आणि सोडलं. हल्ली इथे नाक्यावर कुणी हसलं की आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं.

आता कामाचं. पंधरा डिसेंबरला ढोली नाल्याच्या लढाईला सतरा वर्षं होतील. त्या दिवशी मेसमध्ये लढाईचा देखावा मांडायचा आणि त्यावरचं कापड ब्रिगेडियर मोघे यांनी, म्हणजे तुम्ही, दूर करायचं, असं सध्याचे कर्नलसाहेब घरी येऊन सांगून गेले. देखावा मी करावा ही सूचना तुमचीच, हेही म्हणाले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची आरास करणाऱ्या बाईला रणगाडे जमतील असं तुम्हाला वाटलं, याबद्दल तुमचे आभार मानावेत की तुमच्याशी भांडावं, ते अजून ठरत नाही.

जोडण्याचं काम सोपं आहे, चिकाटी असली की झालं. खरं काम त्याच्यापुढचं. किटमधून गाडी, रणगाड्याला तुम्ही गाडीच म्हणता, निघते ती कोरी करकरीत. तिला मळवावं लागतं. तुम्ही पाठवलेलं इंग्रजी पुस्तक त्याला वेदरिंग म्हणतं, मी मळवणं म्हणते. धूळ, चिखल, गंज, तेलाचे ओघळ. मळ कुठे साचतो ते ठाऊक नसलं तर मळवलेली वस्तू खोटी दिसते. माझ्या वर्गातली मुलं गरीब माणूस काढतात तेव्हा त्याचा सदरा नेहमी छातीवर फाडतात. खरा सदरा कोपराला आणि कॉलरला फाटतो.

म्हणून मी तुमच्याकडे माहिती मागितली, तर तुम्ही पाठवल्यात चार ओळी. तुमच्या मित्राची, विश्रामची, गाडी नाला ओलांडून पलीकडच्या चिखलात रुतली. तुम्ही तुमची गाडी पलीकडे नेलीत, दोर बांधलात. तेवढ्यात गोळा आला. तो तुमच्या हातांवर गेला. हे मला पाठ आहे हो. नवरा गेलेल्या बाईला एवढं पाठ असतंच. त्याने जाताना माझ्यासाठी काय सांगितलं तेही पाठ आहे, आणि मी ते पाळलंही. फेब्रुवारीत विश्रामच्या आई गेल्या तेव्हा त्यांचा हात माझ्याच हातात होता. आता मला पाठ नसलेलं सांगा. माती कुठल्या रंगाची होती? गवत किती उंच? तुमच्या गाडीवर काय काय बांधलेलं होतं?

कांचनला सांगा, सांडगी मिरच्या पोचल्या. सासूबाईंच्या पाठीमागे आता तिखट मनासारखं खाता येतं.

तुमची वहिनी,
पद्मजा


चंडीगड
२ ऑक्टोबर १९८८

प्रिय जयंतभाऊजी,

पेपरात वाचलंच असेल. पुराने अर्धा पंजाब धुऊन नेला. इतकी वर्षं इथले लोक बंदुकीला भीत होते, या आठवड्यात आभाळाला भ्याले. आम्ही शहरात कोरडे आहोत. पण खालच्या मजल्यावरच्या बीजी, माझ्या घरमालकीण, त्यांच्या भावाची शेती मोहालीच्या पलीकडे आहे, तिथे भाताच्या डोक्यावरून गाळ गेला. बीजी रोट्यांचे डबे घेऊन निघाल्या, मी म्हटलं मीही येते. मदतीला, असं सांगितलं. माझ्या पिशवीत दोन रिकाम्या बरण्या होत्या. बीजींनी त्या पाहिल्या आणि डब्यांशेजारी पिशवीला जागा करून दिली. त्यांचा धाकटा मुलगा चौऱ्याऐंशीच्या दंगलीत दिल्लीत होता, तेव्हापासून त्या एकूणच कमी बोलतात.

तिथे मी चिखल शिकले. बीजींच्या भावाने ओढ्यातून ट्रॅक्टर बाहेर काढला तो मी बांधावर उभी राहून बघितला. चाकं नुसती माखून आली नाहीत, चिखल उधळत आली. मडगार्ड, सीट, त्याची पगडी, काही म्हणता काही सोडलं नाही. मला हसू आवरेना, आणि हसता हसता मी नजरेने टिपून घेत होते. चाकाच्या वर जाड थर, मागच्या बाजूला लांब फराटे, पुढे तुरळक शिंतोडे. बीजी म्हणाल्या, "हुण महीना भर धोंदा रहूगा." म्हणजे आता महिनाभर धूत बसणार. धुतला तरी सांध्यांतला जात नाही म्हणे.

तर त्या बरण्यांमधला गाळ मी वाळवला, वस्त्रगाळ केला आणि फेव्हिकॉलमध्ये कालवला. विश्रामची गाडी मळवून झाली. हात लावताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. कामात होते. नाल्याचं पाणी व्हार्निशचं केलं, काठावरचं गवत झाडूच्या टोकांचं, पालापाचोळा वाळवलेल्या चहाच्या चोथ्याचा. बारीक कामासाठी सदाशिवरावांचे जुने ब्रश काढले. आठवतात ना सदाशिवराव? सर्वे ऑफिसातले. तुम्हाला आठवायला हवेत. इतक्या वर्षांनीही एक केस हललेला नाही त्या ब्रशांचा.

आता तुमची गाडी घ्यायची आहे आणि तुमचं उत्तर नाही. तुम्हाला लढाई आठवायला सांगत नाही मी. सकाळी डोळे उघडल्यापासून काय दिसलं, अंगाला काय लागलं, घशात काय गेलं, तेवढं लिहा. रंगाचं आणि धुळीचं सांगताना कुणाला लाजायचं कारण नाही.

तुमची वहिनी,
पद्मजा


चंडीगड
२५ ऑक्टोबर १९८८

प्रिय जयंतभाऊजी,

सहा पानं! कांचन म्हणायची की तुम्ही प्रेमपत्रंसुद्धा तारेच्या भाषेत लिहिलीत. माझ्यासाठी इतकं लिहिलंत, कशा शब्दांत सांगू मला काय वाटलं ते.

पहाटेचं धुकं, तोफेच्या नळीसारख्या गार पडलेल्या रोट्या, नांगरलेल्या शेतातली पिठासारखी पांढरी धूळ, ती दातांत करकरायची ते. सगळं घेतलं. अलीकडच्या काठावरच्या बाभळीही केल्या, तुम्ही लिहिलंत तशा, बुटक्या आणि एका बाजूला कललेल्या. आणि वायरलेस सेटवर तुम्ही दोघं मराठीत बोलायचात आणि तुमचे स्क्वाड्रन कमांडर ओरडायचे की ही भाषा शत्रूच्या अंगावर सोडा, आमच्या कानात नको, ते वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. सबंध स्क्वाड्रनमध्ये तुम्हां दोघांखेरीज कुणाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, हे मला ठाऊकच नव्हतं. विश्रामने घरी कधी सांगितलं नाही. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, त्यातले महिने किती हाती लागले.

आणि ते शेवटचं पान. संध्याकाळी गोळीबार थांबल्यावर तुम्ही खाली उतरलात, तुमच्या गाडीला टेकून बसलात, मडगार्डवर बोटभर धूळ साचली होती आणि तिच्यात तुम्ही बोटाने 'विश्राम' असं लिहिलंत. सकाळी दवाने ते गेलं. भाऊजी, हे वाचून मात्र मी रडले, अगदी पोटभर. माझ्याखेरीज आणखी कुणीतरी त्याचं नाव असं लिहिलं होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

ते मी देखाव्यात घेणार. नको म्हणालात तरी घेणार. त्यासाठी देखाव्याची वेळच बदलली आहे. दोर बांधण्याचा क्षण नको, संध्याकाळ घेते. नाल्याच्या पलीकडे विश्रामची रुतलेली गाडी, शेजारी तुमची, दोघींमध्ये दोर, आणि तुमच्या मडगार्डवर धुळीत त्याचं नाव. भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही, पण आपल्या दोघांना माहीत असेल.

एक बारीकशी अडचण आहे. मळवताना क्रम पाळावा लागतो, जे आधी घडलं ते आधी. तुम्ही नाला सकाळीच ओलांडलात, म्हणून आधी चिखल, त्यावर दिवसभराची धूळ, त्यावर तुमचं बोट. तसंच केलं. पण चिखलावर टाकलेली धूळ त्यातच मुरते आणि वाळली की तिची खपली होते. सुईच्या टोकाने 'वि' काढायला गेले तर खपलीच उचलून आली. सगळं खरवडून पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझाच हात चुकत असणार. तेव्हा कळवा, ती धूळ कुठल्या मडगार्डवर होती, पुढच्या की मागच्या? आणि चिखल त्याच्यावर किती चढला होता?

दिवाळीला फराळ पाठवते. नाक्यावर हवालदाराने खाल्ला नाही तर पोचेल.

तुमची वहिनी,
पद्मजा


चंडीगड
१३ नोव्हेंबर १९८८

जयंतभाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. 'धुळीचं विसरा. चिखल लावा. नाव लिहू नका.' सहा पानांनंतर इतकंच.

मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवते. काच फुटल्याचा आवाज आला आणि मी वर्गात शिरायच्या आत कुणी म्हटलं, "बाई, मी खिडकीजवळ नव्हतो," की मला पुढचं काही विचारावं लागत नाही. खिडकीचं नाव मी काढलेलंच नसतं.

तुमचं कार्ड यायच्या आधीच मी आणखी एक करून बघितलं होतं. किटमध्ये एक मडगार्ड जादा होता. त्याला चिखल लावलाच नाही. नुसता रंग, त्यावर खडूची पूड फुंकली आणि सुईने नाव काढलं. पहिल्या फटक्यात उमटलं, काना-वेलांटीसकट. मी ते भिंगाखाली बघत बसले. खरं तर तेव्हाच मला कळलं होतं, पण मला कळून घ्यायचं नव्हतं.

दिवाळीला बीजींनी मला पुन्हा त्यांच्या भावाकडे नेलं. लाइट गेलेले, रस्त्यावर गस्त, तरी त्यांनी दारात पणत्या लावल्या. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा होता. ओढ्यातला गाळ अजून मडगार्डवर होता आणि त्यावर महिनाभराची धूळ. मी त्यावर बोटाने नाव लिहून बघितलं. सगळ्यांच्या देखत, चाळिशीची बाई ट्रॅक्टरवर नाव गिरवते आहे. टवका पडला. अक्षर उमटलं नाही.

तुमच्या चार ओळी आणि तुमची सहा पानं, दोन्ही खरी असू शकत नाहीत. ज्या गाडीने सकाळी नाला ओलांडला तिच्या मडगार्डवर संध्याकाळी बोटभर कोरडी धूळ नसते. आणि सहा पानं खोटी नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. धुळीत मित्राचं नाव लिहिल्याचं कुणी मनाने रचत नाही. तुम्ही लढाईबद्दल सावध होतात, धुळीबद्दल कुणी विचारील असं तुम्हाला वाटलंच नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. मला फक्त रंग नीट लावायचा होता.

म्हणून सरळ विचारते. तुम्ही नाला ओलांडला होतात का? नसेल, तर विश्राम तुमच्या हातांवर कसा गेला? आणि त्याने मला सांगायला सांगितलं ते तुम्ही कुठे ऐकलंत?

उत्तर मला हवं आहे. कांचनच्या हातचं नको, तुमच्या हातचं.

पद्मजा


चंडीगड
२८ नोव्हेंबर १९८८

ब्रिगेडियर मोघे,

पत्र मिळालं. एक उपकार केलात, फिरवून फिरवून लिहिलं नाहीत.

तर तुमची गाडी अलीकडच्या काठावरच होती. बाभळींच्या आड, दिवसभर. म्हणूनच त्या बाभळी तुम्हाला इतक्या नीट आठवत होत्या. विश्राम पलीकडे रुतला होता आणि सेटवर तुमच्याशी बोलत होता, मराठीत. "मोघ्या, दोर घेऊन ये. पायाशी पाणी यायला लागलंय." तुम्ही म्हणालात, "आलोच." मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, "निघालास का?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्यानंतर गोळा आला. दुसऱ्या दिवशी पायदळाने त्याला आणलं.

सबंध स्क्वाड्रनने ते शब्द ऐकले आणि एकालाही ते कळले नाहीत. स्क्वाड्रन कमांडर त्याच दिवशी गेले. विश्रामच्या गाडीतलं कुणी उरलं नाही. तुमच्या गाडीतले तिघं गप्प राहिले, कारण त्यांना बायकामुलं होती आणि तुम्ही साहेब होतात. मग जे सांगाल ते खरं.

तुम्ही घाबरलात, हे मला समजतं. मी चिडून म्हणत नाही, खरंच समजतं. तुमचं वय पंचवीस होतं, समोरून गोळे येत होते. मी तिथे असते तर मीही त्या बाभळीच्या मागे असते. छातीवर पदक लावून घेतलंत, तेही तुम्ही आणि तुमची रेजिमेंट बघून घ्या. मला त्या पदकाचं काही करायचं नाही.

पण लढाईनंतरच्या जानेवारीत तुम्ही मिरजेला आमच्या घरी आलात. आईंच्या पुढ्यात बसलात आणि म्हणालात, "तो माझ्या हातांवर गेला. जाताना म्हणाला, पद्मजाला सांग, आईला कधी सोडू नकोस." तुम्ही लिहिता, आई समोर रडत होत्या, काहीतरी बोलणं भाग होतं, आणि कुठल्याही मुलाने शेवटी हेच सांगितलं असतं. विश्राम कुठलाही मुलगा नव्हता. त्याच्या पायाशी पाणी आलं होतं आणि त्याला दोर हवा होता. त्याच्या बोलण्यात त्याची आई नव्हती, मीही नव्हते. तुम्ही होतात.

तेही मी एक वेळ गिळलं असतं. दुःखाच्या घरात माणूस काहीबाही बोलून जातो. पण शहात्तर साल आठवा. शाळेच्या नोकरीसाठी मी आईंना घेऊन चंडीगडला आले होते, तुम्हीही तेव्हा इथेच चंडीमंदिरला होतात. सदाशिवरावांची भोपाळला बदली झाली आणि त्यांनी मला विचारलं, येतेस का. इतक्या साध्या शब्दांत. आई म्हणाल्या, मी परक्या पुरुषाच्या घरात राहायची नाही, तुला जायचं तर जा. मी तुमच्या क्वार्टरवर आले. तुम्ही कांचनला चहा करायला आत पाठवलंत. मी विचारलं, "भाऊजी, तो नक्की असंच म्हणाला होता? आठवून सांगा, माझं सगळं त्यावर आहे."

तुम्ही क्षणभरसुद्धा थांबला नाहीत. म्हणालात, "वहिनी, शब्दन् शब्द."

त्या दिवशी तुमच्या अंगणात कुणी गोळे टाकत नव्हतं. बागेत नळी सोडलेली होती, गुलाबांना पाणी चाललं होतं. 'मला नीट आठवत नाही' एवढं म्हणाला असतात तरी मी सुटले असते. तुमचं पदक गेलं नसतं, मान गेला नसता, कुणाला काही कळलं नसतं. पण शब्द थोडा ढिला केला तर सगळंच उसवेल असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही माझ्या जिवावर तो घट्ट धरून ठेवलात. सदाशिवरावांनी पुढे लग्न केलं, त्यांना दोन मुली आहेत. दर जानेवारीत कार्ड येतं, त्यावर त्यांनी काढलेलं पाखरू असतं. त्यांचे ब्रश मी इथेच ठेवून घेतले.

मी आईंचं केलं त्याचा मला पस्तावा नाही. बाई कडक होती, शेवटी शेवटी माझ्यावाचून घास घेत नव्हती. कदाचित तुम्ही काही सांगितलं नसतं तरी मी त्यांच्याजवळच राहिले असते. पण मी माझ्या मनाने राहिले असते की गेले असते, हे मला आता कधीच कळणार नाही. ते ठरवणं माझं होतं, आणि ते तुम्ही घेतलंत. विश्रामचं नाव पुढे करून घेतलंत. विश्वासघात हा शब्द मला नाटकातला वाटायचा, फार मोठ्या मापाचा. आज घालून बघितला तर अंगाबरोबर बसला.

तुम्ही शेवटी लिहिलंय की गाडी पलीकडे ठेवा, देखावा आता वाटेल तसा करू नका, रेजिमेंटच्या इज्जतीचा प्रश्न आहे. बघते.

पद्मजा पाटणकर


चंडीगड
५ डिसेंबर १९८८

जयंत मोघे यांस,

काल कर्नलसाहेब सांगत होते की तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय, प्रवास झेपणार नाही आणि कापड दुसऱ्या कुणी दूर करावं असं तुम्ही कळवलंय. कांचनचंही पत्र आहे. तुम्ही जेवत नाही आणि का ते सांगत नाही, असं म्हणते. तिला मी वेगळं लिहिते, पण जे सांगायचं ते तुम्हीच सांगायचं आहे. मी कुणालाही काही बोललेले नाही. कर्नलसाहेबांना एवढंच म्हटलं की ब्रिगेडियरसाहेबांशिवाय कापड निघणार नाही, देखावा करणाऱ्या बाईची तेवढी अट समजा. ते हो म्हणाले. बायकांची अट साहेबलोक पटकन मानतात, विशेषतः विधवेची.

देखावा मेसमध्ये पोचला. मेसची जीप होती तरी नाक्यावर थांबवलंच, आणि होता तोच हवालदार. त्याने गवत बघितलं, पाणी बघितलं, रुतलेली गाडी खाली वाकून बघितली. मग विचारलं, "मॅडम, टैंक तो दो थे. दूसरा किधर गया?" मी म्हटलं, "वो अभी आया नहीं." त्याने मान हलवली आणि जीप सोडली.

तुमची गाडी मी चिकटवलेली नाही. ती डब्यात कापसात ठेवली आहे आणि डबा देखाव्याशेजारी आहे. मडगार्डवर धूळ आहे, धुळीत नाव आहे. हात लावाल तर पुसलं जाईल, तेव्हा दोन्ही बाजूंनी धरून उचला. डब्याजवळ एक बरणी ठेवली आहे, तिच्यात बीजींच्या भावाच्या शेतातला चिखल आहे, कालवून तयार. सोबत ब्रश आहे, माझा, सदाशिवरावांचा नव्हे.

देखाव्यात दोन जागा मोकळ्या सोडल्या आहेत. एक नाल्याच्या पलीकडे, विश्रामच्या शेजारी. एक अलीकडे, बाभळींच्या आड. पलीकडे ठेवायची असेल तर आधी नाव पुसा आणि चिखल लावा, नीट लावा, मडगार्डवर जाड आणि मागे लांब फराटे. मी मागे खुर्चीवर बसेन, एक शब्द बोलणार नाही. अलीकडे ठेवायची असेल तर आहे तशी ठेवा. समोर सगळे रणगाडेवालेच असतील, त्यांना कुणी समजावून सांगायला नको. दोन्हीपैकी काहीही करा, पण ते तुमच्या हाताने करा. मला माझ्या वेळी तेवढंही मिळालं नव्हतं.

तुमच्या हातांवर डोकं ठेवलेला विश्राम मी आधी करायला घेतला होता, तो मोडला. नवा केला आहे. अंगठ्याएवढाच आहे. गाडीच्या वरच्या झाकणात उभा आहे, कानाला सेट लावलेला, तोंड अलीकडच्या काठाकडे.

झेलम एक्सप्रेसने आलात तर अंबाल्याला उतरा, मेसची जीप येईल. हे पत्र पोचलं की तुमच्याकडे दोन-तीन दिवस उरतील. तुमच्या मित्राने तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत, तेच मी आज आपल्याच भाषेत विचारते आहे.

निघालात का?

पद्मजा